जुन्या गाडीचे 'मिसिंग' : इंजिन उघडण्यापूर्वी

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन आणि हवेचे मिश्रण वेळेवर पेटले नाही, अर्धवट पेटले किंवा मुळीच पेटले नाही, तर त्या प्रकाराला 'मिसफायर' म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांनी या शब्दाचे 'मिसिंग' करून टाकले आणि 'गाडी मिसिंग मारते' हा प्रयोग बोलीत रूढ झाला. तक्रार नेहमीची आहे. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, चढावर धक्के देते, पेट्रोल अधिक पिते आणि सायलेन्सरमधून मध्येच फटकन आवाज येतो. तथापि या एका तक्रारीमागे दहा-पंधरा निरनिराळी कारणे असू शकतात. त्यांतील एखादे सैल वायर घट्ट बसवल्याने मिटते, तर एखाद्यासाठी हेड उतरवून वॉल्व्ह घासावे लागतात. चालकाच्या आसनावरून मात्र दोन्ही सारखीच भासतात. जुन्या गाडीच्या मालकाचे नुकसान होते ते नेमके इथेच.

निदानाची जागा अंदाज घेतो. प्रथम प्लग बदलले जातात, त्याने भागले नाही की कॉइल, त्यानंतर कार्बोरेटर उघडून धुतला जातो आणि अखेरीस 'गाडीचे वय झाले, आता इंजिनाचेच काम काढावे लागेल' असा निर्णय ऐकवला जातो. वय हे कारण सोयीचे असते, कारण ते खोटे नसते. परंतु ३० वर्षांच्या गाडीतही मिसिंगचे मूळ बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर, वायर, प्लग किंवा इंधनमार्ग यांतच सापडते. दाबमापक लावून सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्याखेरीज हेडच्या बोल्टला पाना लावू देऊ नये, एवढा एक नियम मालकाने पाळला तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

या लेखातील विवेचन प्रामुख्याने कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या पेट्रोल गाड्यांविषयी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि इंधन-इंजेक्शन येण्यापूर्वीची मारुती ८०० ही त्यांची परिचित उदाहरणे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या; पण हौसेने किंवा जिव्हाळ्याने जपलेल्या खासगी गाड्या अद्याप आहेत आणि त्यांना हात लावू जाणणारे जुने मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यामुळे निदानाची पद्धत मालकाला ठाऊक असणे आता पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

'चालते तोवर चालवू' हे धोरण मिसिंगच्या बाबतीत महागात पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढते आणि पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. म्हणजे किरकोळ दोषातून खरोखरच इंजिनाचे काम निघते. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अनिवार्य झाला. तो असलेल्या गाडीत हे पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो बेसुमार तापतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करणे धोक्याचे आहे.

आधी कान, मग पाना

इंजिनाचे बॉनेट उघडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. मिसिंग एका लयीत होते की वेडेवाकडे? आणि ते केव्हा होते?

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर पद्मिनीच्या चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला १६०० वेळा आणि मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांत १२०० वेळा इंधन पेटावयास हवे. त्यांतील एकच सिलिंडर सतत निकामी असेल, तर सायलेन्सरच्या आवाजात ठरावीक अंतराने खाच पडते: फट-फट-फट-रिकामे, पुन्हा फट-फट-फट-रिकामे. सायलेन्सरच्या तोंडाजवळ तळहात धरला तरी ही लय कळते. अशी लय ऐकू आली की दोष त्या एका सिलिंडरच्या हद्दीत आहे असे समजावे: त्याचा प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅपमधील त्याचा खांब, अथवा त्याचे वॉल्व्ह. उलटपक्षी लय नसेल, कधी हा सिलिंडर तर कधी तो चुकत असेल, तर दोष सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात शोधावा. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कॉइलकडून येणारी मधली वायर, रोटर, पेट्रोल आणि हवा हे सारे सामाईक भाग होत. चारही प्लग बदलून असा दोष जात नाही, आणि गेलाच तर चार दिवसांत परततो.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर गेला की एक तृतीयांश शक्ती जाते आणि गाडी इतकी हलते की संशयाला जागाच उरत नाही. चार सिलिंडरच्या गाडीत मात्र अंगवळणी पडलेला चालक तीन सिलिंडरांवर महिनोन् महिने हिंडू शकतो. त्याला फक्त 'अॅव्हरेज कमी झाले' एवढेच जाणवते.

दुसरा प्रश्न वेळेचा. फक्त आयडलिंगला मिसिंग होऊन रेस दिल्यावर नाहीसे होत असेल, तर बाहेरची हवा आत शिरत असण्याची, आयडलिंगचा जेट तुंबलेला असण्याची किंवा एखादे टॅपेट घट्ट असण्याची शक्यता अधिक. घाट चढताना किंवा ओव्हरटेक करतानाच धक्के बसत असतील, तर ठिणगी दुबळी आहे किंवा पेट्रोल अपुरे पडते आहे. याचे कारण असे की सिलिंडरमधील दाब जितका अधिक, तितका ठिणगीला प्लगची फट ओलांडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागतो; सपाट रस्त्यावर निभावून नेणारी कॉइल चढावर उघडी पडते. गार इंजिनात होणारे आणि तापल्यावर थांबणारे मिसिंग बहुधा चोकशी निगडित असते. याउलट अर्धा तास नीट चालून गाडी चुकू लागली, थांबवून गार होऊ दिली की पुन्हा सुरळीत झाली, तर कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ यांवर संशय घ्यावा. आणि कोकणात वा मुंबईत जूनच्या पहिल्या सरीनंतर सकाळी गाडी अडत असेल, तर कार्बोरेटरला हातही लावू नये. आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'मिसिंग मारते' एवढेच सांगण्याऐवजी वरील तपशील सांगितला, तर मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो. चांगला मिस्त्री हे प्रश्न स्वतःहून विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवून जाण्यापूर्वी थोडा विचार करावा.

कोणता सिलिंडर?

लय सापडली असेल तर पुढचे काम दोषी सिलिंडर हुडकण्याचे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहावी. चालू सिलिंडरची वायर काढताच इंजिनाचा वेग पडतो आणि थरथर वाढते. निकामी सिलिंडरची वायर काढल्याने काहीच फरक पडत नाही. ही जुनी, खात्रीची कसोटी आहे, पण ती निष्काळजीपणे करू नये. या वायरींत हजारो व्होल्टचा दाब असतो. वायर उघड्या हाताने न धरता इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने धरावी आणि काढलेले टोक अधांतरी न ठेवता इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत तर ही दक्षता अत्यावश्यक, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकते. तिथे इंजिन बंद करून वायर काढावी, टोक अर्थ करावे आणि मग इंजिन सुरू करावे, हे बरे. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या भानगडीत पडू नये.

सिलिंडर सापडला की अदलाबदल करावी. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये आणि शेजारचा त्याच्यात. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेले, तर प्लग खराब. न गेले, तर लांबी पुरत असल्यास वायरींची अशीच अदलाबदल. तेवढ्यानेही दोष जागचा हलला नाही, तर कॅपमधील खांब पाहावा, आणि तोही स्वच्छ असेल तर कॉम्प्रेशनकडे वळावे. या साऱ्याला नवा एकही सुटा भाग लागत नाही. प्लगचा पाना आणि २० मिनिटे पुरतात. सुटे भाग विकत घेऊन निदान करण्यापेक्षा असलेले भाग हलवून निदान करणे केव्हाही शहाणपणाचे.

काढलेल्या प्लगांकडे एकवार नीट पाहावे. टोक फिकट तपकिरी, कोरडे असेल तर त्या सिलिंडरचे बरे चालले आहे. कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. ओले, चकचकीत, काळे टोक म्हणजे वर तेल येत आहे. पेट्रोलने ओला पण स्वच्छ प्लग म्हणजे इंधन पोचले, ठिणगी पोचली नाही. पांढुरके, भाजल्यासारखे किंवा फोड आलेले टोक म्हणजे मिश्रण अति विरळ आहे वा इंजिन अति तापते आहे. चारही प्लग क्रमाने मांडून ठेवले की चौघांचा दोष एकच आहे की एकाचाच वेगळा आहे, ते डोळ्यांना दिसते. चिनीमातीच्या पांढऱ्या भागावर केसासारखी चीर आहे का, तेही भिंगातून पाहावे. अशी चीर पडलेला प्लग आयडलिंगला चालतो आणि चढावर दगा देतो.

सर्व्हिसिंगनंतर लगेच मिसिंग सुरू झाले असेल तर आणखी एक शक्यता तपासावी, ती म्हणजे वायरींची चुकलेली जागा. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरचा ज्वलनक्रम १-३-४-२ असा आहे, मारुती ८०० चा १-३-२. दोन वायरींची उलटापालट झाली की कार्बोरेटरमधून भडका आणि सायलेन्सरमधून बार, असा दुहेरी तमाशा होतो.

ठिणगीचा प्रवास

लय नसलेल्या मिसिंगचा शोध डिस्ट्रिब्युटरपासून घ्यावा. चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विकसित केलेली ही ज्वलनव्यवस्था पुढे काही दशके जगभरच्या मोटारींत मूलतः तशीच राहिली. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड वेटोळ्यातून वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलच्या बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. हा प्रवाह मधल्या वायरीने कॅपमध्ये येतो, फिरणारा रोटर तो एकेका खांबाकडे सोपवतो आणि तिथून तो प्लगपर्यंत जातो. या वाटेत कुठेही गळती झाली की मिसिंग.

सर्वाधिक झीज होते ती पॉइंटची. आयडलिंगलाही मिनिटाला १६०० वेळा उघडझाप करणारा हा लहानसा भाग. त्याच्या टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो. फट साधारणतः ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. फट फिलर गेजनेच मोजावी. रस्त्यात अडल्यावर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर काम भागवून घरी पोचलेले चालक पुष्कळ आहेत, पण घरी पोचल्यावर ते काम पुन्हा करावयाचे असते. टायमिंग लावण्याच्या आधी फट लावावी, हा क्रम महत्त्वाचा. फट बदलली की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते आणि टायमिंगही हलते. आधी टायमिंग आणि मग फट असे उलटे काम केलेली गाडी दोन्ही बाबतींत चुकीची ठरते.

कंडेन्सर ही अंगठ्याएवढी वस्तू. प्रवाह तुटताना पॉइंटच्या टोकांवर पडणारी ठिणगी ती शोषून घेते. कंडेन्सर गेला की पॉइंट निळे-काळे पडून जळतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळी, बारीक होते. नवे पॉइंट दोन आठवड्यांत जळत असतील तर पॉइंटच्या दर्जाला दोष देण्यापूर्वी कंडेन्सर बदलावा. मात्र नवा म्हणजे चांगलाच, असे मानू नये. जुन्या गाड्यांचे बाजारात मिळणारे सुटे भाग सारख्या दर्जाचे नसतात. त्यामुळे अनुभवी मालक एखादा चालू स्थितीतील, पारखलेला जुना कंडेन्सर डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवतात, ही सवय अनुकरणीय आहे.

डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन दोष असे आहेत की ते सहसा नजरेतून निसटतात. पहिला म्हणजे पॉइंटकडे जाणारी आतली लवचीक वायर. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे पॉइंटची तबकडी पुढेमागे हलत राहते आणि तिच्यासोबत ही वायरही वाकत राहते. काही वर्षांनी तिचे आवरण शाबूत राहून आतील तांब्याचे धागे तुटतात. गाडी उभी असताना सर्व ठीक. रेस दिली, तबकडी हलली, की संपर्क तुटतो. दुसरा दोष डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश झिजण्याचा. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो डगमगत असेल तर प्रत्येक सिलिंडरसाठी पॉइंटची फट वेगवेगळी राहते आणि फिलर गेजने कितीही काळजीपूर्वक लावली तरी व्यर्थ. अशा वेळी नवे बुश बसवावे लागतात.

कॅप आतून पाहताना काजळीची बारीक, नागमोडी रेघ शोधावी. ओलाव्यामुळे ठिणगी कॅपच्या पृष्ठभागावरून धावली की अशी रेघ उमटते आणि मग तोच ठिणगीचा राजमार्ग बनतो. पुसून ती जात नाही, कॅप बदलावी लागते. वायरींची परीक्षा अंधारात करावी. रात्री दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा अगदी सूक्ष्म फवारा मारला की जिथे आवरण फुटले आहे तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. त्या वेळी हात दूर ठेवावेत.

कॉइलची चाचणी दोन टप्प्यांत. मल्टिमीटरने जाड वेटोळ्याचा रोध मोजावा. साध्या कॉइलचा तो सुमारे ३ ओहम असतो, बाहेर बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या कॉइलचा त्याच्या निम्मा. पण गार कॉइल निर्दोष दिसून तापल्यावर हात टेकते, म्हणून मिसिंग चालू असतानाच पुन्हा मोजावे. कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतो का, हेही पाहणे आले. जुन्या गाडीतील इग्निशन स्विचचे झिजलेले संपर्क आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी गंजलेली अर्थिंगची पट्टी यांच्यामुळे दोन-तीन व्होल्ट वाटेतच हरवतात आणि दोष निर्दोष कॉइलच्या माथी येतो.

प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळी, धाग्यासारखी दुबळी. तथापि उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखालीही पडेलच याची हमी नाही. या चाचणीतून 'ठिणगी नाही' हे सिद्ध होते, 'ठिणगी पुरेशी आहे' हे नव्हे. शिवाय पेट्रोलची वाफ आसपास असताना ही चाचणी करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पेट्रोल आणि हवा

ठिणगी निर्दोष ठरली की इंधनाकडे यावे. एक साधी परीक्षा अशी: इंजिन चालू असताना चोक किंचित ओढावा. इंजिन सुधारले तर मिश्रण विरळ आहे, अर्थात पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. बिघडले तर मिश्रण आधीच दाट आहे. हवा शिरण्याच्या ठरलेल्या जागा म्हणजे कार्बोरेटरखालील गॅस्केट, मॅनिफोल्डचे गॅस्केट, थ्रॉटलच्या शाफ्टची झिजलेली भोके आणि ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी. या सांध्यांवर थोडे थोडे साबणाचे पाणी सोडावे. ज्या जागी इंजिनाचा आवाज बदलेल तिथे फट आहे. काही ठिकाणी याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते कदापि करू नये.

पेट्रोल कमी पडत असेल तर टाकीतील गंज, तुंबलेला फिल्टर, पंपाचा फाटलेला पडदा, फ्लोटची चुकलेली पातळी आणि जेटमधील कचरा असा मागोवा घ्यावा. जेट तारेने कोरू नये, हवेच्या झोताने साफ करावा. तारेने भोक मोठे होते आणि मग त्या कार्बोरेटरचे गणित कायमचे बिघडते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके टाकून ती पुन्हा सुरू करण्याचा जुन्या चालकांचा उपाय शास्त्राला धरून आहे, पण उपाय रोज करावा लागत असेल तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला फार जवळून गेली आहे का, ते पाहावे.

अलीकडे यात नवी भर पडली आहे ती इथेनॉलची. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ मध्ये देशाने या मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. शुद्ध पेट्रोलच्या एक भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक हा फरक सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ती बुद्धी नाही. शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेला जेट तेवढेच इंधन सोडतो आणि मिश्रण आपोआप विरळ होते. आधीच विरळावर चालणारी गाडी अशा वेळी चुकू लागते. याखेरीज इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, त्यामुळे नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ पडतात वा तडकतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकटा ते सुटा करते, जो थेट फिल्टरमध्ये येतो. ते पाणीही शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर साचतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीने पहिल्याच दिवशी धक्के दिले, तर टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर दुसरे काही तपासण्याची गरज नाही. गाडीतील रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवून घेणे हा खर्च आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही, कारण नळी फुटून तापल्या इंजिनावर पेट्रोल गळणे हे मिसिंगपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

पीयूसीच्या केंद्रात मिळणारी चिठ्ठी आपण काचेला चिकटवण्यापुरती घेतो. वास्तविक ती निदानालाही उपयोगी पडते. हायड्रोकार्बनचा आकडा फार चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र कमी किंवा नेहमीइतका असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण विरळ आहे. दोन्ही आकडे चढलेले असतील तर मिश्रण दाट आहे.

कॉम्प्रेशन

येथवर काही सापडले नाही, किंवा दोष एकाच सिलिंडरला चिकटून राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम करून बंद करावे, सर्व प्लग काढावेत, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची जोडणी सोडवावी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक भोकात दाबमापक लावून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवावा. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेले आकडे खोटे कमी येतात आणि नेमक्या अशाच आकड्यांच्या जोरावर हेड उतरवले जाते, म्हणून मालकाने शक्य तर समोर उभे राहावे. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधील फरक किती, हे महत्त्वाचे. सर्व आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत असतील, तर मिसिंगचे कारण कॉम्प्रेशन नव्हे. पुन्हा डिस्ट्रिब्युटरकडे जावे.

एक सिलिंडर फार कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटले असण्याची दाट शक्यता. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, पाणी कमी होते का, हेही तेव्हा पाहावे. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडावे.

वॉल्व्हवर संशय असला तरी हेड उतरवण्याआधी टॅपेट तपासावेत. याला एक विशेष कारण आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. ते आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत आवश्यक होते. पण पेट्रोलमधील शिसे जुन्या इंजिनांतील एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखे संरक्षण देत असे. ते गेल्यावर मऊ बिडाच्या बैठकीत वॉल्व्ह हळूहळू रुतत जातो. वॉल्व्ह रुतला की त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट कमी कमी होत नाहीशी होते. मग वॉल्व्ह पुरता मिटतच नाही, त्याच्या कडेने धगधगता वायू निसटतो आणि कड जळते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या काळात टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट कमी होतो आणि मालक समाधानी असतो. फट वेळीच पुन्हा लावली तर वॉल्व्ह वाचतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरावी. ती सतत बाहेर फडफडण्याऐवजी ठरावीक लयीने आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह गळत असल्याचा तो इशारा असतो. वॉल्व्ह जळलाच असेल, तर हेड उतरवणे अटळ. त्या वेळी कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात, म्हणजे तेच काम पुन्हा निघणार नाही.

इंधन-इंजेक्शन असलेल्या गाड्यांत पॉइंट आणि कार्बोरेटर नसले तरी प्लग, वायरी, कॉइल आणि कॉम्प्रेशन यांचे तर्कशास्त्र हेच. ज्या गाड्यांत ओबीडी-२ प्रणाली आहे त्यांत स्कॅनर पी-०३०१, पी-०३०२ असे संकेतांक दाखवतो. शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक असतो आणि पी-०३०० म्हणजे अनियमित मिसिंग. संकेतांक सिलिंडर दाखवतो, कारण सांगत नाही. प्लगची अदलाबदल तिथेही करावीच लागते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नये. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी, शक्य तर एखादा चढ चढवावा, कारण बहुतेक दोष गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत प्रकट होतच नाहीत. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलून घ्यावे. त्यानंतर २५-३० किलोमीटरची एक फेरी करून, इंजिन गार झाल्यावर चारही प्लग पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवावेत. चौघांचा रंग एकसारखा फिकट तपकिरी असेल तर ते पुन्हा बसवून गाडी घरी न्यावी. एकही वेगळा दिसला, तर बिल चुकते करण्याआधी तो प्लग मिस्त्रीला दाखवावा.